डीजी कार्गोचा (धोकादायक मालाचा) क्लास कोणी ठरवायचा, आपण की सीएचएनं (कस्टमचे कागद भरणाऱ्या एजंटनं)?

रबाळे_डिस्पॅच | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज लिहायलाच बसलो कारण विषय डोक्यातून जात नाहीये. मी रबाळे एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये डिस्पॅच आणि एक्सपोर्टचे पेपर बघतो. पेंटवाल्यांना लागणारे थिनर, सॉल्व्हंट ब्लेंड असलं आमचं काम, महिन्याला दोन-तीन कंटेनर न्हावाशेवाला जातात.

झालंय असं की केनियातल्या मोम्बासाची एक ऑर्डर आहे, २० लिटरचे पत्र्याचे ड्रम, ४८० नग. या थिनरचा आमच्याकडचा एमएसडीएस (मालाच्या सुरक्षेचं माहितीपत्रक) २०१९ चा, त्यात फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटते) २७ डिग्री लिहिलाय, त्यामुळे माल आजपर्यंत यूएन १२६३ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय नंबर), क्लास ३ (ज्वालाग्राही द्रव), पॅकिंग ग्रुप ३ (सगळ्यात कमी धोक्याचा) म्हणून जात आला. पण मधे झायलीन वेळेवर मिळेना म्हणून परचेसनं त्यातलं निम्मं टोल्युइन करून टाकलं. प्रॉडक्टचं नाव तेच, कोड तोच, लेबल तेच. मला कोणी बोललंच नाही. परवा रिटेन सॅम्पलचा (बॅचमधून राखून ठेवलेल्या नमुन्याचा) डबा उघडला तर वास वेगळा आला, बॅच कार्ड मागवलं तेव्हा कळलं. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ डिग्रीच्या आसपास असतो, मग मिश्रणाचा २७ कसा राहील?

फॉरवर्डरला (कंटेनर बुक करणाऱ्या एजंटला) फोन केला तर तो म्हणतो साहेब लाइनचं (जहाज कंपनीचं) अप्रूव्हल जुन्या एमएसडीएसवर आलंय, आता काही हलवू नका, शुक्रवारचं कटऑफ आहे, चुकलं तर रोलओव्हर, म्हणजे माल पुढच्या जहाजावर. शेठ म्हणतात क्लास बघणं सीएचएचं काम, त्यासाठीच त्याला पैसे देतो. सीएचए म्हणतो तुम्ही जे द्याल ते आम्ही भरतो. म्हणजे तिघांनीही हात वर केलेत आणि डिक्लेरेशनवर सही माझी आहे.

मला हे एवढं का लागतंय तेही सांगतो. २०११ मध्ये मी दुसऱ्या एका कंपनीत होतो, तिथे बॉयलरचा क्षार काढायचं लिक्विड बनायचं, आत हायड्रोक्लोरिक ॲसिड. चलनावर मी टाइप करायचो 'क्लिनिंग कंपाउंड', कारण आधीचा माणूस तसंच करायचा आणि तेवढ्यावर ट्रान्सपोर्टवाला काही विचारायचा नाही. एकदा गव्हाण फाट्याजवळ गाडीनं ब्रेक मारला, दोन कॅन आडवे झाले, ड्रायव्हर मागे चढला आणि पायात साधी चप्पल असताना त्यानं कॅन हातानं सरळ केले, त्याला वाटलं फिनाइलसारखं काहीतरी असेल. दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा त्यानं मला एवढंच विचारलं की साब उसमें था क्या. त्याच्या खिशात माझं चलन होतं, त्याच्यावर तेवढे दोन शब्द होते.

तर जाणकारांनी नीट सांगा, कायद्यानं आणि रीतीनं ही जबाबदारी नक्की कोणाची?

शेवा_गेट | सोमवार, रात्री ११:५८

मी सीएचएकडेच आहे, जेएनपीटीत (न्हावाशेवा बंदरात) १४ वर्षं. तुमचे शेठ चुकतायत. आम्ही शिपिंग बिल फाइल करतो, डीजीचा फॉर्म बऱ्याचदा आम्हीच टाइप करून देतो हे खरं, पण तो फॉर्म नीट वाचा. खाली जे छापलंय त्याचा मतलब असा की या मालाचं नाव पूर्ण आणि बरोबर दिलंय, क्लास, पॅकिंग, मार्किंग, लेबल सगळं नियमाप्रमाणे आहे आणि माल वाहतुकीला योग्य अवस्थेत आहे, असं मी जाहीर करतो. तिथला 'मी' म्हणजे शिपर, माल पाठवणारा. आम्ही ड्रम बघितलेला पण नसतो हो, कंटेनर फॅक्टरीतच भरला जातो, सील लावलेला डबा डायरेक्ट गेटवर येतो. आत काय आहे ते आम्हाला कागद सांगतो, लाइनच्या डीजी डेस्कला पण कागदच सांगतो.

क्यूसी_महापे | मंगळवार, सकाळी ७:१५

आधी सरळ उत्तर. समुद्रासाठी आयएमडीजी कोड (धोकादायक माल जहाजानं नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) आहे, १ जानेवारी २००४ पासून तो सोलास या जहाज-सुरक्षेच्या करारानुसार बंधनकारक आहे. त्याच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की वर्गीकरण शिपरनं म्हणजे कन्साइनरनं करायचं, काही ठरावीक पदार्थांच्या बाबतीत सरकारी सक्षम अधिकाऱ्यानं. फॉरवर्डर, सीएचए, लाइन यांचं नाव त्या वाक्यात नाही. विमानाचे आयएटीएचे (विमान कंपन्यांच्या संघटनेचे) नियमही तेच सांगतात. कारण उघड आहे, फॉर्म्युला कोणाकडे आहे? ज्याच्याकडे बॅच कार्ड आहे त्यालाच माहीत आत झायलीन किती नि टोल्युइन किती.

आता तुमच्या थिनरचं. क्लास ३ मध्ये फ्लॅश पॉइंट ६० डिग्रीपर्यंतचे द्रव येतात, क्लोज्ड कपनं म्हणजे झाकलेल्या भांड्यात मोजलेला. २३ ते ६० असेल तर पॅकिंग ग्रुप ३. २३ च्या खाली आणि उकळबिंदू ३५ च्या वर असेल तर ग्रुप २. उकळायला सुरुवातच ३५ किंवा त्याच्या आत होत असेल तर ग्रुप १. निम्मं टोल्युइन घातलेलं झायलीन २३ च्या वर राहणार नाही, मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट हलक्या घटकाच्या बाजूला झुकतो, दोघांची सरासरी काढून चालत नाही. पण माझ्या अंदाजावर सही करू नका, सॅम्पल लॅबला द्या, क्लोज्ड कप टेस्ट एका दिवसाचं काम आहे. काही जण सांगतील की पेंटला जाडीची सवलत असते, म्हणजे फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली असला तरी घट्ट माल ग्रुप ३ मध्ये नेता येतो. ती सवलत खरी आहे पण ती फ्लो कपमधून हळूहळू गळणाऱ्या घट्ट मालाला. थिनर पाण्यासारखं वाहतं, त्याला ती लागू होणार नाही.

आणि महत्त्वाचं, ड्रमच्या तळाला किंवा अंगावर ठोकलेला यूएनचा शिक्का बघा. त्यात एक्स, वाय किंवा झेड यापैकी एक अक्षर असतं. एक्स तिन्ही ग्रुपना चालतं, वाय २ आणि ३ ला, झेड फक्त ३ ला. तुमचे ड्रम झेड असतील तर नुसता कागद बदलून भागणार नाही.

रबाळे_डिस्पॅच | मंगळवार, सकाळी ९:०५

आत्ताच गोडाऊनला जाऊन आलो. झेड आहे.

भिवंडी_बायपास | मंगळवार, सकाळी १०:३०

सगळं बरोबर आहे हो पण जमिनीवर काय चालतं ते पण बोला. हॅज म्हणजे धोकादायक म्हटलं की फ्रेट वाढतं, वर सरचार्ज, लाइन स्लॉट देत नाही, दोन-दोन आठवडे माल पडून राहतो, यूएनचे ड्रम साध्यापेक्षा महाग, आणि गिऱ्हाईक म्हणतं चायनावाला मला नॉन-हॅजमध्ये देतोय तुम्हाला काय झालं. माझं स्वतःचं ॲडहेसिव्हचं काम आहे, सहा माणसं, लॅब कुठून आणू? मोठ्या कंपन्यांकडे ईएचएसचं (सुरक्षा नि पर्यावरणाचं) अख्खं डिपार्टमेंट असतं. लहान माणसानं फॉरवर्डरवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा? मी कुणाला फसवायला बसलेलो नाही, पण फॉरवर्डरच म्हणतो की असंच लिहा, सगळे असंच लिहितात, तेव्हा मी त्याच्यापेक्षा शहाणा आहे असं कसं समजू.

कळंबोलीचा | मंगळवार, दुपारी १:२०

मी ट्रान्सपोर्टर, स्टील मार्केटच्या बाजूला आमचं ऑफिस, वडिलांपासूनचा धंदा. भिवंडीवाले दादा, तुमची अडचण समजते, पण गाडीत बसणारा माणूस आमचा असतो म्हणून थोडं कडक लिहितोय.

रस्त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ आहेत, त्यातले १२९ ते १३७ धोकादायक मालाचे. नियम १३१ हा पूर्ण कन्साइनरवर आहे. गाडीचं रजिस्ट्रेशन त्या मालासाठी व्हॅलिड आहे का, गाडीत फर्स्ट एड, सेफ्टीचं सामान, विषावर उतारा आहे का, ट्रान्सपोर्टरला मालाची पूर्ण माहिती दिली का, ड्रायव्हर ट्रेन केलेला आहे का, हे सगळं बघायचं माल पाठवणाऱ्यानं. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की दिलेली माहिती अचूक आणि पुरेशी असणं हे पण कन्साइनरचंच काम. मग नियम १३२ मध्ये माझी जबाबदारी येते, १३३ मध्ये ड्रायव्हरची, की लेखी माहिती केबिनमध्ये कायम हाताशी ठेवायची. म्हणजे बघा, सुरुवात तुमच्याकडून होते. तुम्ही चुकीचं लिहिलं की माझं पण चुकतं नि त्याचं पण, आणि आम्हा दोघांना कळत पण नाही की चुकलंय.

नियम ९ प्रमाणे ड्रायव्हरला तीन दिवसांचं ट्रेनिंग करावं लागतं, लायसन्सवर तशी नोंद लागते. चलनावर नॉन-हॅज असलं की मी साधा ड्रायव्हर पाठवतो, साधी गाडी पाठवतो, ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचं त्याचं पत्रक) नाही, पॅनल (गाडीवरची धोक्याची पाटी) नाही. तो पोरगा उरण रोडला लाइनीत उभा राहतो, आठ-आठ तास, उन्हात, तिथेच मागच्या चाकाजवळ स्टोव्ह पेटवून डाळ-भात लावतो. त्याला माहीतच नाही की पाठीमागे चारशे ड्रम थिनर आहे. माहीत असतं तर लावला नसता हो.

रबाळेवाल्या साहेबांनी त्या ड्रायव्हरचं लिहिलं ते वाचून मला सकाळपासून कामच सुचलं नाही. आमच्याकडे पण असं झालंय, फक्त आमच्या पोराचे डोळे वाचले.

नौपाडाकर | मंगळवार, दुपारी ३:१०

माझा प्रश्न इथे बसतो का बघा. मी घरून परफ्यूम, कापराच्या वड्या आणि सुगंधी मेणबत्त्या विकते, ऑनलाइन ऑर्डर, कुरिअरनं बंगलोर-दिल्लीपर्यंत जातात. कुरिअरचा मुलगा विचारतो आत काय, मी सांगते 'कॉस्मेटिक', तो लिहून घेतो. हे पण हॅजमध्ये येतं का? की हे फक्त कंटेनरवाल्यांसाठी?

क्यूसी_महापे | मंगळवार, दुपारी ४:४५

ताई, बरं झालं विचारलंत. परफ्यूममध्ये बहुतेक इथेनॉल असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट २० डिग्रीच्या आत येतो, ते यूएन १२६६, क्लास ३. सिंथेटिक कापूर यूएन २७१७, क्लास ४.१, ज्वालाग्राही घन. लहान पॅकिंगला लिमिटेड क्वांटिटीची सूट मिळते पण ती सूट 'कॉस्मेटिक' लिहून मिळत नाही, मालाची ओळख सांगितल्यावर मिळते. आणि लांबचं कुरिअर पुष्कळदा विमानानंच जातं. तुम्ही कुरिअरवाल्याच्या ब्रँचला विचारा की अल्कोहोलचा माल रस्त्यानं न्यायची सोय आहे का, पार्सलवर तसं लिहा. मेणबत्त्या साध्या मेणाच्या असतील तर काळजी नाही.

हे सांगितल्यावर लोक चकित होतात म्हणून अजून थोडं लिहितो. धोकादायक मालाच्या यादीत काय काय आहे माहितीये? सुकं खोबरं, यूएन १३६३, क्लास ४.२, आपोआप तापून पेटणारा माल. तेल काढलेली पेंड, त्यात तेल आणि ओल किती राहिली यावर नंबर ठरतो. एरंडीच्या बिया क्लास ९ (इतर धोक्यांचा माल). माशांचं कूट म्हणजे फिशमील स्थिर केलेलं असेल तर क्लास ९, नसेल तर ४.२. आपल्या आज्ज्या खोबरं पोत्यात दाबून ठेवू नको, गरम होतं म्हणायच्या, तेच तिथे लिहिलंय. 'हॅज' म्हणजे ॲसिड नि पेट्रोल एवढंच असं धरून चाललं की इथे फसायला होतं.

एक पदार्थ उदाहरणाला घ्या, हायड्रोजन पेरॉक्साइड. ८ टक्क्यांच्या खाली असेल तर वाहतुकीला धोकादायक धरत नाहीत. ८ ते २० मध्ये यूएन २९८४, क्लास ५.१ (आगीला ऑक्सिजन पुरवणारा), ग्रुप ३. २० ते ६० मध्ये यूएन २०१४, ग्रुप २, आणि वर क्लास ८ पण चिकटतो कारण कातडी जाळतं. ६० च्या वर यूएन २०१५. बाटलीवर नाव एकच, 'पेरॉक्साइड'. कापड धुणारा, केस रंगवणारा आणि केमिकल फॅक्टरी तिघांचा माल एकच नाव लावून फिरतो आणि तिघांचा कागद वेगळा हवा. हे नुसतं इन्व्हॉइस बघून सीएचएनं कुठून ओळखायचं?

शेवा_गेट | मंगळवार, संध्याकाळी ६:००

+१. आम्हाला येणारे निम्मे एमएसडीएस पुरवठादाराचं लेटरहेड बदलून आलेले असतात. एकदा तर दुसऱ्याच कंपनीचा इमर्जन्सी फोन नंबर तसाच राहिला होता, मी लावून बघितला, समोरच्याला पत्ताच नाही.

क्यूसी_महापे | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

म्हणूनच मी पोरांना शिकवतो, एमएसडीएसचा १४ वा विभाग वाचायच्या आधी ९ वा वाचा. १४ मध्ये ट्रान्सपोर्टची माहिती असते, ९ मध्ये फ्लॅश पॉइंट, उकळबिंदू, पीएच. १४ मध्ये 'नॉट रेग्युलेटेड' आणि ९ मध्ये फ्लॅश पॉइंट ३८ असे एमएसडीएस मी डोळ्यांनी बघितलेत. दोन विभाग एकमेकांशी भांडत असतील तर कागद कोणीतरी न वाचता बनवलाय. मग ३ रा विभाग, घटक आणि टक्केवारी, तो तुमच्या बॅच कार्डशी जुळवा.

दर्या_कळवा | मंगळवार, रात्री १०:३५

सध्या सुट्टीवर घरी आहे, कंटेनर जहाजावर चीफ ऑफिसर. कार्गोचा प्लॅन माझ्या टेबलावर येतो म्हणून लिहितो.

जहाजावर मला डबा उघडता येत नाही. मला मिळते ती यादी, या बेमध्ये (कंटेनरच्या रांगेत) यूएन अमुक, क्लास तमुक. त्यावरून मी ठरवतो की क्लास ३ च्या जवळ ५.१ ठेवायचा नाही, त्यांच्यात अंतर हवं, कुठला डबा डेकवर, कुठला इंजिन रूमच्या उष्णतेपासून लांब, कुठला होल्डमध्ये (जहाजाच्या पोटात) नको. यादीत जो डबा नाही तो माझ्यासाठी फर्निचर आहे, नि मी त्याला कुठेही ठेवतो. आग लागली तर मुलांना कुठला सूट घालायला सांगायचा, पाणी मारायचं का सीओटू सोडायचा, हेही त्याच यादीवरून.

मार्च २०१८ मध्ये मर्स्क होनामला अरबी समुद्रात आग लागली, पाच जण गेले. ज्या होल्डमधून आग सुरू झाली तिथे पाणी शुद्ध करायला वापरतात तो क्लोरीनवाला पदार्थ होता, क्लास ९ म्हणून रीतसर डिक्लेअर केलेला. म्हणजे बरोबर क्लास देऊनही इतकं होऊ शकतं, तर खोटा दिला तर काय होईल. २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्लवर नायट्रिक ॲसिडचा कंटेनर गळत होता, कतारमधल्या हमादनं आणि आपल्या हाजिऱ्यानं तो उतरवून घेतला नाही, जहाज कोलंबोसमोर पेटलं आणि बुडालं, प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले. ९ जून २०२५ ला वान हाय ५०३ केरळसमोर पेटलं ते कोलंबोहून इकडे न्हावाशेवालाच येत होतं. २२ जण होते, १८ वाचवले, चार जण बेपत्ता झाले. त्या दिवशी माझ्या बायकोला तीन फोन आले, मी त्या जहाजावर आहे का विचारायला.

कोळसा म्हणजे नारळाच्या करवंटीचा, शेगडीचा, हुक्क्याचा, त्याच्या आगी इतक्या झाल्या की १ जानेवारी २०२६ पासून आयएमडीजीमध्ये त्याची जुनी सूट काढून टाकली, आता सगळा क्लास ४.२ मध्ये डिक्लेअर करायचा. आधी टेस्टचा कागद जोडून तो साधा माल म्हणून जायचा.

भिवंडी_बायपास | मंगळवार, रात्री ११:१०

दर्या दादा, वाचून अंगावर काटा आला. माझ्या ॲडहेसिव्हमध्ये टोल्युइन आहे. उद्या एमएसडीएस काढून बघतो, खरं सांगतो मी तो आजपर्यंत वाचलेला नाही.

पण दंड वगैरे खरंच लागतो का हो? की नुसतं सांगायला?

शेवा_गेट | मंगळवार, रात्री ११:२५

लागतो. हापाग-लॉइड या जहाज कंपनीनं २०१९ मध्येच जाहीर केलं की चुकीचा किंवा न सांगितलेला हॅज कार्गो सापडला तर कंटेनरमागे १५,००० डॉलर. बाकी लाइनींचे पण आपापले टॅरिफ आहेत. आता सॉफ्टवेअर बुकिंगमधले शब्द चाळतं, तुम्ही 'ग्लू' लिहिलं तरी डेस्क एमएसडीएस मागतो. पण मी म्हणेन दंडाचा विचार नंतर करा. विमा हा मोठा मुद्दा आहे, मालाचं वर्णन खोटं असेल तर क्लेमच्या वेळी तुम्ही कुठे उभे राहणार?

जुना_वागळेकर | बुधवार, सकाळी ६:५०

मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं नोकरी करून रिटायर झालो. माझे वडील १९४४ मध्ये मुंबईत गोदीजवळ होते. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट फुटली तेव्हाचं ते सांगायचे, खिडकीची चौकट घरात येऊन पडली. त्या बोटीत सुमारे १४०० टन स्फोटकं होती नि त्याच बोटीत कापसाच्या गासड्या. कापूस धुमसत होता आणि जवळच दारूगोळा. आजही त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

आणि तुम्ही सगळे जहाजाचं बोलताय, मला एक विमानाचं माहीत आहे ते सांगतो कारण ते कागदाचंच प्रकरण आहे. ११ मे १९९६, अमेरिकेत व्हॅल्यूजेटचं विमान मायामीहून निघालं आणि साधारण दहा मिनिटांत दलदलीत कोसळलं, ११० जण होते, एकही वाचला नाही. पोटात ऑक्सिजन जनरेटरचे खोके होते, जुने, दुसऱ्या विमानांतून काढलेले. ते सुरू झाले की भट्टीसारखे तापतात, त्यावर प्लास्टिकची सेफ्टी टोपी बसवावी लागते, ती बसवली नव्हती. आणि कागदावर लिहिलं होतं ऑक्सी कॅनिस्टर, एम्प्टी. रिकामे. ते रिकामे नव्हते. ज्यानं खोके भरले त्यानं टोपी बसवली नाही, ज्यानं कागद लिहिला त्यानं एक शब्द जास्तीचा लिहिला, ज्यानं विमानात चढवले त्यानं तो शब्द वाचला नि चढवले. मी स्टोअरला होतो तेव्हा नव्या मुलांना हेच सांगायचो, 'रिकामा' लिहायच्या आधी झाकण उघडून बघ.

कळंबोलीचा | बुधवार, सकाळी ८:०५

काका, रिकाम्या ड्रमचं तर रोजचं आहे. आत वाफ असते, लोक भंगारात देतात, वेल्डिंगवाला कापायला घेतो नि उडतो. न धुतलेला रिकामा ड्रम पण भरलेल्याच लेबलखाली न्यायचा असतो हे कितीजणांना माहीत आहे.

नौपाडाकर | बुधवार, सकाळी ११:४०

मी ब्रँचला जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं की परफ्यूम वेगळ्या सर्व्हिसनं रस्त्यानं जाईल, दोन दिवस जास्त लागतील. मी वेबसाइटवर डिलिव्हरीचे दिवस वाढवून टाकले. एक गिऱ्हाईक कुरकुरलं, तिला कारण सांगितलं तर समजलं. माझी मुलगी विमानानं शिकायला जाते-येते, मला कालपासून सारखं तेच आठवतंय.

भिवंडी_बायपास | बुधवार, रात्री ९:५०

बघितला एमएसडीएस. माझ्या ॲडहेसिव्हच्या १४ व्या विभागात यूएन ११३३, क्लास ३ स्वच्छ लिहिलंय. मी वर्षभर 'ॲडहेसिव्ह, नॉन-हॅज' पाठवतोय. फॉरवर्डरला विचारलं तर तो म्हणाला तुम्ही कधी सांगितलंच नाही. आणि ते खरं आहे, मी सांगितलंच नव्हतं. उद्यापासून त्याच्याकडून डीजीचं कोटेशन मागवतोय, गिऱ्हाइकाला दर वाढवून द्यावा लागेल तो देईन.

लॅबचं कोणीतरी सांगा, नवी मुंबईत फ्लॅश पॉइंट कुठे करून मिळेल?

क्यूसी_महापे | बुधवार, रात्री १०:१५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सॅम्पल नेताना बॅच नंबर लिहा आणि झाकण टेपनं नीट बंद करा, हलका भाग उडून गेला तर रिझल्ट तुमच्या बाजूनं खोटा येईल, म्हणजे फ्लॅश पॉइंट जास्त दिसेल. फ्रिजमधून काढल्यासारखं थंड नेलंत तर उत्तम.

रबाळे_डिस्पॅच | शनिवार, रात्री १०:२०

मंडळी, उशीर झाला लिहायला. काय काय झालं ते सांगतो.

मंगळवारीच सॅम्पल दिलं, बुधवारी संध्याकाळी रिपोर्ट आला, ११ डिग्री. म्हणजे ग्रुप २ पक्का. रिपोर्ट, बॅच कार्ड आणि झेड शिक्क्याचा फोटो असं तिन्ही घेऊन शेठकडे गेलो. आधी ते चिडले, शुक्रवारचं कटऑफ त्यांच्या डोळ्यासमोर होतं. मग मी त्यांना २०११ चं सगळं सांगितलं, आजवर ऑफिसमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ड्रम बदलायला किती लागतील ते काढ.

शुक्रवारचं जहाज सोडलं. वाय शिक्क्याचे ड्रम मागवलेत, सोमवारी येतील, माल त्यात ओतून घ्यायचा, नवा एमएसडीएस करायचा, लाइनला परत अप्रूव्हलला टाकायचं. मोम्बासाच्या पार्टीला मेल केला, ते थांबायला तयार आहेत. परचेसला लेखी दिलंय की फॉर्म्युल्यात एक टक्का जरी हलवला तरी आधी क्यूसी आणि डिस्पॅच दोघांची सही. आयएमडीजीचं ट्रेनिंग किनाऱ्यावरच्या लोकांना पण २०१० पासून बंधनकारक आहे हे मी शेठना दाखवलं, पुढच्या महिन्यात मला आणि लोडिंगच्या सुपरवायझरला कोर्सला पाठवतायत.

आणि एक गोष्ट काल झाली. लोकलचा एक ट्रिप होता, तोच माल तळोज्याला, त्या गाडीसाठी मी पहिल्यांदा स्वतः बसून ट्रेम कार्ड केलं, हिंदीत पण छापलं. ड्रायव्हर जौनपूरचा, वय असेल पंचविशीचं. गेटवर मी त्याला ते हातात दिलं तर त्यानं वाचायला घेतलं, बोट ठेवून एकेक ओळ. मग विचारलं, साब इसमें पानी मारना नहीं है क्या. मी म्हटलं जोरात झोत मारायचा नाही, थिनर पाण्यावर तरंगत आग पसरवत जाईल, फोम नाहीतर ड्राय पावडर. तो म्हणाला पिछले साल भर से यही माल ले जा रहा हूँ, आज पहली बार किसी ने बताया.

कळंबोलीचा | शनिवार, रात्री १०:४५

साहेब, त्या हिंदी कार्डाचा फोटो टाका ना. आमच्या ऑफिसमध्ये प्रिंट काढून सगळ्या गाड्यांत ठेवतो.

रबाळे_डिस्पॅच | शनिवार, रात्री १०:५२

टाकतो. पण तसंच ठेवू नका, ते फक्त या थिनरचं आहे. दुसऱ्या मालाला त्या कंपनीकडून त्यांचं मागून घ्या, देत नसतील तर गाडी लावू नका.

कळंबोलीचा | शनिवार, रात्री १०:५५

बरोबर. मागतो.